वाडगाभर नूडल्सचा ताळेबंद

महागड्या शहराची परीक्षा घ्यायची असेल तर ती दुपारी साडेबाराला घ्यावी. सकाळी सगळीच शहरे घाईत असतात आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सगळीच सुंदर दिसतात. दुपारी मात्र पोट बोलू लागते. बँकेतला कारकून, रस्ता झाडणारा, टॅक्सी चालवणारा, कापडाच्या दुकानातली मुलगी आणि मोठ्या पेढीतला भागीदार या सगळ्यांना साधारण एकाच वेळी भूक लागते. त्या भुकेला शहर काय उत्तर देते यावरून ते कोणासाठी बांधलेले आहे हे कळते. काही शहरांत गरिबाने डबा आणावा आणि श्रीमंताने हॉटेलात जावे, असा सरळ विभाग असतो. काही शहरांत दोघेही एकाच बाकावर बसतात. सिंगापूर हे या दुसऱ्या जातीचे शहर आहे, आणि त्याचे कारण शोधण्यासारखे आहे.

सिंगापूर महाग आहे हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. 'इकॉनॉमिस्ट'च्या संशोधन विभागाने केलेल्या जगातल्या महाग शहरांच्या पाहणीत २०२२ साली ते न्यूयॉर्कबरोबर आणि २०२३ साली झुरिकबरोबर पहिल्या क्रमांकावर होते. तिथे मोटार घ्यायची तर आधी ती बाळगण्याचा दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. ही पद्धत १९९० पासूनची. २०२३ मध्ये मोठ्या गाडीच्या नुसत्या परवान्याची बोली एक लाख सिंगापुरी डॉलरांच्या वर गेली होती. एक सिंगापुरी डॉलर म्हणजे सत्तर रुपयांच्या आसपास. गुणाकार वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर करावा.

आणि याच शहरात चार-पाच डॉलरांत वाफाळत्या नूडल्सचा वाडगा मिळतो. पोट भरते, चव लक्षात राहते आणि शेजारच्या बाकावर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला बँकर तोच वाडगा तोंडाला लावून बसलेला असतो. तिथल्या एका चकचकीत कॅफेत नुसती कॉफी घेतली तरी याहून अधिक पैसे जातात. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे ताळेबंद तपासल्यामुळे असेल, पण एवढ्या महाग जागेत एवढे स्वस्त काही दिसले की मला आनंदाआधी शंका येते. हा तोटा कोण सोसतो आहे?

साडेबाराचा शोध

माझी भाची आणि जावई सिंगापुरात टोआ पायो भागात राहतात. गेल्या खेपेस आम्ही उभयता दीड महिना त्यांच्याकडे होतो. ती दोघे सकाळी कामाला गेली की दुपारचे जेवण ही आमची जबाबदारी. "मामा, घरी काही करत बसू नका. खाली उतरा, पाच मिनिटांवर सगळं आहे," असे भाचीने पहिल्याच दिवशी सांगितले. तिच्या घरी दुपारचा स्वयंपाक होतच नाही. तिच्याच काय, तिच्या मजल्यावरच्या बहुतेक घरांत होत नाही.

'खाली' म्हणजे हॉकर सेंटर. आपल्याकडे फेरीवाला म्हटले की डोळ्यांसमोर टोपली, हातगाडी आणि मागून येणारी पालिकेची गाडी येते. तिथला हॉकर एका छपराखालच्या, नंबर घातलेल्या गाळ्यात उभा असतो. मध्ये सगळ्यांना मिळून टेबले आणि जमिनीत घट्ट बसवलेली स्टुले. वर पंखे, भिंती नाहीत, वातानुकूलन नाही. अशी शंभराहून अधिक केंद्रे त्या छोट्याशा बेटावर आहेत. चायनाटाउनमधल्या सर्वांत मोठ्या केंद्रात खाण्याचे दोनशेंहून अधिक गाळे आहेत. पहिल्यांदा आत शिरणारा माणूस गांगरून जातो. कोणत्या गाळ्यावर जावे?

काही दिवसांत काही नियम सापडतात. पहिला नियम: पर्यटकांच्या नकाशावर ठळक छापलेल्या जागा टाळाव्यात. पेढ्यांच्या भागात 'लाउ पा सात' नावाचा ओतीव लोखंडाचा अष्टकोनी मंडप आहे. १८९४ साली उभा राहिलेला, मोठा देखणा. तो जरूर पाहावा. पण जेवायला तिथून दहा मिनिटे चालून अमॉय स्ट्रीटच्या केंद्रात जावे. आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसे तिथेच जातात आणि त्यांना रोज जेवायचे असते. रोज जेवणारा माणूस हा कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षा विश्वासू.

दुसरा नियम: रांग पाहावी, पण रांगेतली माणसे अधिक निरखून पाहावीत. हातात कॅमेरा असलेल्यांची रांग म्हणजे प्रसिद्धी. घरच्या सपाता घालून आलेल्या म्हाताऱ्यांची रांग म्हणजे चव आणि रास्त भाव. तिसरा नियम: ज्या गाळ्याच्या फलकावर चाळीस पदार्थ आहेत तो सोडावा आणि ज्यावर चारच आहेत तिथे थांबावे. त्या चारांपैकी तीन एकाच पदार्थाचे लहान, मध्यम आणि मोठे वाडगे असतात.

चौथा नियम जागेचा. आधी बसायची जागा धरायची, मग रांगेत जायचे. जागा कशी धरतात? टेबलावर कागदी रुमालाचे छोटे पाकीट ठेवून. याला तिथे 'चोप' म्हणतात. कोट्यवधींचे व्यवहार करणारे लोकही त्या पाकिटाचा मान राखतात. खिडकीतून रुमाल टाकून एसटीतली जागा धरलेल्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही. जेवण झाल्यावर ताट मात्र आपणच उचलून ठरलेल्या जागी ठेवायचे. २०२१ पासून तो नियमच आहे.

आमच्या घरातला पाचवा नियम सौभाग्यवतींचा. ती शाकाहारी. इथल्या नूडल्सच्या रश्शात सुकी कोळंबी, डुकराची हाडे नाहीतर मासळी असायचीच आणि तिखट चटणीतसुद्धा कोळंबीचा गोळा मिसळलेला असतो. पण चिनी बौद्धांची शाकाहाराची जुनी परंपरा तिच्या मदतीला आली. बहुतेक केंद्रांत एखादा तरी शाकाहारी गाळा असतो. फलकावर 'सू' या उच्चाराचे चिनी अक्षर असते, ते एकदा ओळखायला शिकले की झाले. परंपरा पाळणारा असेल तर तिथे कांदा-लसूणही वर्ज्य. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, या गाळ्यांवर गर्दी उसळते. आपली चातुर्मासातली मंडळी पाहिल्यासारखे वाटते.

पापडखार आणि शिरवाळे

नूडल्स हा एक पदार्थ नाही, तो गोतावळा आहे. गव्हाच्या पिवळ्या नूडल्स म्हणजे 'मी'. त्यांचा पिवळेपणा आणि चिवटपणा येतो तो पिठात घातलेल्या क्षाराच्या पाण्यामुळे. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो त्यातलीच ही विद्या. त्यात पुन्हा चपट्या त्या 'मी पोक' आणि बारीक त्या 'मी किआ'. तांदळाच्या बारीक शेवया म्हणजे 'बी हून'. तांदळाच्याच रुंद, मऊ पट्ट्या म्हणजे 'क्वे टिआव'. गाळ्यावर नुसते पदार्थाचे नाव सांगून भागत नाही. कोणत्या नूडल्स, रश्शात की कोरड्या, तिखट की बिनतिखट, हे सगळे एका दमात सांगावे लागते. मागे रांग असते.

कोरड्या नूडल्सची कृती पाहण्यात मी तासभर घालवला आहे. उकळत्या पाण्याच्या हंड्यात लांब दांड्याच्या जाळीतून नूडल्सची एक मूठ सोडायची, काही क्षण हलवायची, थंड पाण्यात बुडवायची, पुन्हा गरम पाण्यात. या आंघोळीने क्षाराचा वास जातो आणि नूडल्स चिकट होत नाहीत. तोवर दुसऱ्या हाताने वाडग्यात मिरचीची चटणी, सोया, सिरका आणि चरबीचा थेंब. मग नूडल्स त्यात घोळायच्या, वर खिमा किंवा माशाचे गोळे, आणि बाजूला छोट्या वाटीत रस्सा. सगळे मिळून दीड-दोन मिनिटे. गर्दीच्या वेळी हे हात थांबत नाहीत. आमच्या कॅश काउंटरवरचे जुने कॅशियर नोटा मोजत तसे ते हात चालतात: बघणाऱ्याला वेग दिसतो, करणाऱ्याला लय.

लक्सा हा दुसरा थाट. नारळाच्या दुधातल्या तिखट, लालसर रश्शात तांदळाच्या नूडल्स. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला शिरवाळे आठवतात. तांदळाच्या शेवया आणि नारळाचा रस ही जोडी आपण गुळाने गोड केली, मलाक्काच्या सामुद्रधुनीत तिला मिरची आणि कोळंबी भेटली, एवढाच फरक. आणि भारतीय मुसलमानांच्या गाळ्यांवर मिळणारी 'मी गोरेंग' म्हणजे तर भाऊबंदकीचा नमुना: चिनी नूडल्स, मलय नाव, तमिळ हात, वर लालभडक तिखट-गोड रंग आणि आत चक्क बटाट्याचे तुकडे. टेक्का बाजाराच्या केंद्रात ती खाताना आपण परदेशात आहोत की कुठल्या यात्रेत, असा प्रश्न पडतो.

सर्वांत स्वस्त काय, असे विचाराल तर सकाळची 'इकॉनॉमी बी हून'. मोठ्या परातीत परतून ठेवलेल्या तांदळाच्या शेवया, आणि शेजारच्या थाळ्यांतून कोबी, अंडे, तळलेला टोफू असे जे बोटाने दाखवाल ते वर. जेवढे दाखवाल तेवढे पैसे. नावातच काटकसर आहे आणि त्याची कोणाला लाज वाटत नाही.

टॉक-टॉक ते नंबरचा गाळा

हे सगळे आपोआप झाले नाही. शंभर वर्षांपूर्वी सिंगापूरचा हॉकर मुंबईच्या फेरीवाल्याचा सख्खा भाऊ होता. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून, मलय बेटांवरून, तमिळ मुलखातून आलेला हा एकटा पुरुष. भांडवल नाही, भाषा नाही. खांद्यावर कावड, एका टोकाला चूल आणि दुसऱ्या टोकाला भांडी. नूडल्सवाल्याच्या बरोबर एक पोऱ्या असे. तो बांबूच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटत गल्लीतून पुढे जाई. त्या 'टॉक-टॉक' आवाजावरून पदार्थाचेच नाव 'टॉक-टॉक मी' पडले. वरच्या मजल्यावरून दोरीने टोपली खाली येई, वाडगा वर जाई. गिरगावातल्या चाळींनी हे दृश्य पाहिलेले आहे.

आवाज गोड असला तरी पाणी गलिच्छ होते. एकाच बादलीत दिवसभर वाडगे विसळले जात, खरकटे गटारात आणि गटार नदीत. कॉलरा, विषमज्वर यांची भीती खरी होती. इंग्रजांनी १९५० मध्ये चौकशी समिती नेमली, पण प्रश्न रस्त्यावरच राहिला. १९६५ मध्ये सिंगापूर स्वतंत्र झाले आणि नव्या सरकारपुढे दोनच सोपे मार्ग होते. हॉकरांना हाकलायचे किंवा डोळेझाक करायची. आपल्याकडे हे दोन्ही मार्ग आलटून पालटून वापरले जातात.

सरकारने तिसरा मार्ग घेतला. १९६८-६९ मध्ये बेटभर फिरून हॉकरांची नोंदणी केली. सुमारे अठरा हजारांना परवाने दिले. मग १९७१ पासून केंद्रे बांधायला सुरुवात केली: नळ, वीज, गटार, छप्पर. ज्या नव्या वसाहतीत सरकारी घरे उभी राहत, तिथेच बाजार आणि हॉकर सेंटर यायचे. १९८६ पर्यंत रस्त्यावरचा हॉकर जवळजवळ संपला आणि गाळ्यातला हॉकर उरला. १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत सिंगापूर नदी स्वच्छ झाली, त्यात या स्थलांतराचा वाटा होता.

हे उदारपण होते का? होते, पण त्यात हिशेबही होता. देशाकडे तेल नाही, शेती नाही, खाण्याच्या वस्तूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बाहेरून येतात. विकायला होते ते माणसांचे कष्ट. कारखाने आणायचे तर मजुरी परवडली पाहिजे आणि मजुरी परवडायची तर जेवण स्वस्त पाहिजे. घरातली बाई कारखान्यात किंवा कचेरीत जायची तर दुपारचा स्वयंपाक कोणीतरी दुसऱ्याने करायला हवा. हॉकर सेंटर हे त्या देशाचे सामुदायिक स्वयंपाकघर झाले. माझ्या भाचीच्या घरची दुपारची बंद चूल ही अशी पन्नास वर्षांपूर्वीच्या धोरणात आहे.

भाड्याचे पैसे वाडग्यात

आता मूळ शंकेकडे येऊ. जुनी सवय म्हणून मी एका दुपारी कागदी रुमालाच्या पाकिटावर आकडेमोड केली. समजा, एक गाळा महिन्याला पंचवीस दिवस चालतो आणि रोज दोनशे वाडगे विकतो. म्हणजे महिन्याला पाच हजार वाडगे. आता भाडे पाहा.

रस्त्यावरून उठवून आणलेल्या पहिल्या पिढीच्या हॉकरांना सरकारने सवलतीचे भाडे लावले. ते महिना दोनशे ते सव्वातीनशे डॉलरांच्या घरात आहे. ३२० डॉलर भाडे पाच हजार वाडग्यांवर वाटले तर एका वाडग्यामागे साडेसहा सेंटसुद्धा पडत नाहीत. सवलत नसलेल्या गाळ्यांचे मध्यम भाडे गेली अनेक वर्षे साडेबाराशे डॉलरांच्या आसपास आहे. म्हणजे वाडग्यामागे २५ सेंट. हेही सुसह्य. पण नवे गाळे निविदा काढून दिले जातात आणि २०२४ मध्ये मरीन परेड भागातल्या केंद्रात एका गाळ्यासाठी महिना दहा हजार डॉलरांहून मोठी बोली लागली. तिथे पाच हजार वाडगे विकले तरी प्रत्येक वाडग्यात दोन डॉलर नुसत्या भाड्याचे. चार डॉलरच्या वाडग्यातला अर्धा वाडगा जमिनीने खाल्ला. गिऱ्हाईक नूडल्स खाते आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ते चौरस फूट खाते आहे.

ही एक टोकाची बोली झाली. दुसऱ्या टोकाला, कमी वर्दळीच्या केंद्रात महिना एका डॉलरच्या बोलीवरही गाळे गेलेले आहेत. २०१२ पासून सरकारने किमान बोलीची अट काढून टाकली, गाळा पोटभाड्याने द्यायला बंदी घातली. गाळा घेईल त्यानेच तिथे राबायचे, हा त्यामागचा विचार. याच शहरात खासगी मालकीची जी खाणावळवजा 'कोपीटिआम' असतात, त्यांची गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये त्यांतली काही चार कोटी डॉलर आणि वर गेली. एवढे पैसे घालून घेतलेल्या छपराखाली गाळ्याचे भाडे कमी राहणे शक्य नाही.

थोडक्यात, स्वस्त वाडग्याचे पहिले रहस्य पाककृतीत नाही, जमिनीत आहे. सरकारने शहराच्या सर्वांत मोक्याच्या जागी काही जमीन बाजारभावाच्या तावडीतून बाहेर काढून ठेवली. आपल्याकडे आपण उलट्या बाजूने सुरुवात करतो. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली, पुढे ती योजना बंद पडली. २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. दोन्हींमागे भुकेची कणव खरी होती. पण ताटाची किंमत सरकारने ठरवली की ते ताट अनुदानाच्या धाग्यावर लटकते. धागा थकला की ताट खाली. सिंगापूरने वर्षानुवर्षे ताटाला हात लावला नाही, ओट्याला लावला.

रिकामा रकाना

पण एवढ्यावर ताळेबंद जुळत नाही. भाडे कमी धरले तरी चार डॉलरांत पीठ, मांस, गॅस, वीज, सफाईचा खर्च आणि मदतनिसाचा पगार बसवणे अवघड आहे. उरलेले कुठून येते?

हे मला बँकेतल्या एका जुन्या रकान्यामुळे कळले. छोट्या खाणावळी, चहाची दुकाने, पोळी-भाजी केंद्रे यांचे कर्जाचे अर्ज तपासताना खर्चाच्या यादीत सगळे असायचे: रेशन, रॉकेल, भांडी, पोऱ्याचा पगार. 'मालकाचे वेतन' हा रकाना मात्र बहुधा रिकामा. विचारले तर समोरची बाई हसायची. "साहेब, माझा कसला पगार? मी घरचीच." तो रकाना रिकामा असल्यामुळेच तिचा धंदा नफ्यात दिसायचा आणि आम्ही कर्ज मंजूर करायचो. गिरणगावातल्या हजारो एकट्या कामगारांची पोटे अशाच बायकांनी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत भरली. जागेचे भाडे वेगळे नाही, स्वतःच्या कष्टांची किंमत नाही, म्हणून डबा स्वस्त. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना एकत्र आणले, बँकेच्या दारापर्यंत नेले. तेव्हा कुठे सावकाराच्या व्याजातून त्यांची मान सुटू लागली. पण पगाराचा रकाना तेव्हाही रिकामाच राहिला.

सिंगापूरच्या गाळ्यात तोच रिकामा रकाना मला दिसला. पहाटे उठून रस्सा चढवायचा, दुपारची गर्दी उलटेपर्यंत उकळत्या हंड्याशेजारी उभे राहायचे, मग घासपूस, मग उद्याची तयारी. नवरा नूडल्स उकळतो, बायको पैसे घेते. सुट्टी म्हणजे चिनी नववर्षाचे काही दिवस. तिथल्या हॉकरांचे मध्यम वय साठीच्या घरात आहे. माझ्याच वयाची माणसे. मी निवृत्तिवेतन घेऊन भाचीकडे हवापालट करत होतो आणि ती दिवसाचे दहा-बारा तास वाफेत उभी होती.

भाचीच्या इमारतीखालच्या केंद्रात माशाच्या गोळ्यांच्या नूडल्स विकणाऱ्या एका वृद्ध जोडप्याशी ओळख झाली. तिथे वडीलधाऱ्या विक्रेत्याला सगळेच 'अंकल', 'आंटी' म्हणतात, मीही म्हणू लागलो. मुले काय करतात, असे मी एकदा विचारले. मुलगा हिशेबनीस, मुलगी शिक्षिका, असे आंटीने अभिमानाने सांगितले. गाळा पुढे कोण चालवणार, यावर तिने फक्त हात हलवला. त्या हात हलवण्यात दुःख नव्हते, उलट समाधान होते. मुलांना वाफेतून बाहेर काढण्यासाठीच तर ती चाळीस वर्षे वाफेत उभी होती. स्वस्त वाडग्याचा पेच इथे आहे. ज्या कष्टांवर तो स्वस्त राहिला, त्या कष्टांचे सार्थक ते कष्ट पुढच्या पिढीला करावे न लागण्यात आहे.

सन्मान झाला, पुढे?

मानसन्मान मात्र आले. २०१६ साली मिशेलिनच्या पहिल्या सिंगापूर पुस्तिकेत दोन साध्या गाळ्यांना तारे मिळाले. एक १९३२ पासून चालत आलेला डुकराच्या खिम्याच्या नूडल्सचा, दुसरा सोया सॉसमधल्या कोंबडीचा. दोन डॉलरांतली तारांकित थाळी म्हणून त्या कोंबडी-भाताची जगभर चर्चा झाली. पुढे त्याच्या शाखा निघाल्या आणि २०२१ मध्ये तारा गेला. १६ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोने सिंगापूरची हॉकर संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. पण वारशाच्या यादीत नाव गेले म्हणून पहाटे रस्सा चढत नाही.

सरकारलाही हे कळते. १९८६ नंतर थांबलेले केंद्रांचे बांधकाम २०११ च्या घोषणेनंतर पुन्हा सुरू झाले. जुन्या हॉकरांकडे शिकाऊ माणसे ठेवणे, नवख्यांना काही काळ सवलतीच्या भाड्यात गाळा देणे, असे उपक्रम चालू आहेत. घराघरांत सरकारी कुपने वाटली जातात, त्यांतला काही भाग हॉकरांकडे खर्च करता येतो. काही तरुण नोकऱ्या सोडून गाळ्यात उभे राहिलेले मी पाहिले. त्यांच्या वाडग्याची किंमत सहा-सात डॉलर असते, कारण त्यांनी तो रकाना रिकामा सोडलेला नाही. आणि त्यांच्यासमोर उभे राहून नाक मुरडणारी गिऱ्हाइकेही पाहिली. हॉकरच्या नूडल्स सात डॉलर? तेच गिऱ्हाईक मग वातानुकूलित कॅफेत जाऊन आठ डॉलरची कॉफी निमूट पिते.

"मामा, पन्नास सेंट वाढले तर आमच्या ऑफिसात दोन दिवस चर्चा चालते," असे भाची हसत म्हणाली. तिचेही खरे आहे. टॅक्सीवाल्याला, सफाई कामगाराला रोजचे पन्नास सेंट महत्त्वाचे असतात. त्याच्या वाडग्याला हात लावू नये. पण ज्यांना परवडते तेही त्याच किमतीवर हक्क सांगतात आणि त्या हक्काचा खर्च हंड्याशेजारी उभ्या असलेल्या साठीच्या माणसाच्या नावे पडतो.

वडापाव दोन रुपयांनी महागला की आपणही असेच हळहळतो. महागाईच्या बातमीत बटाटा असतो, तेल असते, गॅस असतो. तळणाऱ्याच्या मजुरीचे नाव कुठेच नसते. सिंगापूरने जमिनीचा रकाना पन्नास वर्षांपूर्वी नीट भरला, ते आपल्याला अजून जमलेले नाही. मजुरीचा रकाना तिथेही रिकामा आहे आणि तो कोणत्याही सरकारला एकट्याने भरता येणार नाही. तिथे गिऱ्हाइकाची सही लागते.

तोवर सिंगापूरला जाणाऱ्यांनी दुपारी साडेअकरालाच निघावे. अनेक चांगले गाळे दोनच्या सुमारास आवरतात आणि काही आता कायमचे आवरत आहेत.